मोडलेला पाय बांधताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर मोटारसायकल ट्रकवर नाहीतर अंधारातल्या बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर आदळली की बातमी येते. मेलेल्यांची नावं छापली जातात. पाय मोडलेल्यांचं पुढं काय झालं, ते मात्र कुणी विचारत नाही. जळगावच्या एका रुग्णालयाच्या प्लास्टर रूममध्ये माझी नोकरी झाली, म्हणून मला ते ठाऊक आहे.

हेल्मेट डोकं वाचवतं, नडगीला आडोसा काहीच नसतो. तिच्या पुढच्या अंगाला हाडावर जवळजवळ नुसती कातडीच, त्यामुळे मोडलेलं हाड ती फाडून बाहेर येतं. अशा रुग्णाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन शक्यतो तासाभरात मिळायला हवं आणि जखम थिएटरमध्ये नीट धुवायला हवी. आमच्याकडे यायची ती हळद नाहीतर कॉफी पावडर भरून.

हाडवैद्यावर माझा राग नाही. न सरकलेलं, कातडी न फाटलेलं हाड नुसत्या आधारानंही जुळतं. जुळतं ते आपलं आपणच, श्रेय त्याला मिळतं (आणि आम्हालाही). घात होतो तो बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यावर. मोडलेला पाय पुढं दोन-तीन दिवस सुजत राहतो, पट्टी सैल होत नाही. आतला दाब वाढून रक्त अडतं आणि सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे निकामी व्हायला लागतात. पायाची बोटं हळूच वर ओढली तरी रुग्ण किंचाळतो, पायाला मुंग्या येतात, दुखणं गोळीनं हटत नाही. अमळनेरकडच्या एका आजी नातवाबद्दल म्हणाल्या होत्या, "हाड मोडेल शे, दुखीच!" त्या पोराचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. घट्ट प्लास्टरनंही हेच होऊ शकतं, म्हणून आम्ही बोटं उघडी ठेवायचो आणि नातेवाइकांना ती पुन्हापुन्हा बघायला लावायचो.

एरवी नडगी साधी मोडली असेल, तर रॉड टाकल्यावर बहुतेकांचं हाड चार-पाच महिन्यांत जुळतं. जखम चिघळली की रॉड काढा, बाहेरून फ्रेम लावा, पुन्हा ऑपरेशन, यात वर्ष-दोन वर्षं जातात. त्यात विडी ओढणाऱ्याचं हाड जुळायला आणखी वेळ लागतो, हे बायकोसमोर सांगितलं तरच काही उपयोग व्हायचा.

म्हणून एवढंच करा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा. रक्त वाहत असेल तर त्यावरून दाबून धरा, पण बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. पाय चोळू नका, ओढू नका. शेजारी फळी ठेवून, नाहीतर मध्ये उशी घालून चांगल्या पायाला, हलकेच बांधा. खायला-प्यायला देऊ नका, 108 ला फोन करा. पोलिसांच्या भीतीनं मागं सरू नका. 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनं मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती ठेवलेली नाही.

कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत ही माहिती आपण चौकटीत छापावी, अशी विनंती. जागा केळीच्या भावाशेजारची द्यावी. आमच्याकडे पेपर उघडला की आधी तेच बघतात.

आपला,
एक निवृत्त प्लास्टर टेक्निशियन
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव