तू आबाकडे जेवून गेलास म्हणे

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

कित्येक महिन्यांत पत्र नाही, शिव्या भेटल्यावर दे. माझा गुडघा तसाच, शुगर ताब्यात.

आज लिहायलाच हवं. आबा सांगतो, रविवारी तू त्याच्याकडे जेवलास. इसवणाचं हुमण, वर सोलकढी, भात दोनदा. आणि निघताना म्हणालास, "आबा, संभाजी तूच करायला हवा होतास." मी मान डोलावली. काय करणार?

आबाला मेंदूचा झटका आला तेव्हा तोंड वाकडं नाही, हातपाय धड. नुसता पेंगत होता. वहिनींना वाटलं, जत्रेचं जागरण. पहिला सीटी स्कॅनही स्वच्छ आला. एमआरआयवर दिसलं की मेंदूच्या गाभ्यात, थॅलॅमसला, दोन्हीकडे मार बसलाय. काही जणांत तिथे दोन्ही बाजूंना रक्त नेणारी बारीक धमनी एकच असते. पर्शरॉन नावाच्या फ्रेंच माणसाने १९७३ साली तिचं वर्णन केलं. ती बुजली की दोन्हीकडचं एकदम जातं. आबा चिकटच, धमनीतसुद्धा काटकसर!

जुनं बरंच शाबूत आहे. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीचं, १९८७ चं, काल्याचं नाटक अजून प्रवेशावार सांगतो, फक्त आधीचं नंतर नि नंतरचं आधी. नवं मात्र टिकत नाही. चहा पिऊन झाला की विचारतो, "आज चहा नाही?" वहिनी हल्ली कप विसळत नाहीत, समोरच ठेवतात. तो उचलतो, बुडाचा साका बघतो आणि म्हणतो, "कोण आला होता?"

डॉक्टर म्हणाले, हे खोटं बोलणं नव्हे. रिकाम्या जागी मन हाताला लागेल ते भरतं, आणि त्याला ते खरंच वाटतं. कबूल. पण हाताला तू कसा लागलास? तुझं नाव निघालं की पानावरून उठणारा माणूस हा!

वहिनी म्हणतात, चालू दे. मुलगा म्हणतो, चुकीचं ते दुरुस्त करा. मला दोघांचंही पटतं, म्हणजे माझा उपयोग शून्य. नाटकात संभाजी कोणी करायचा, यावर तेव्हा मी मत तुझ्या बाजूने दिलं होतं, हे आबाला अजून ठाऊक नाही. आता सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत विसरेल, पण धीर होत नाही.

मुलीचं ठरलं, फार बरं झालं. ठाण्याच्या घराचं गळतं थांबलं का?

तू ये. माफीबिफी मागू नकोस, त्याच्या लेखी ती मागून झालीय. न मागितलेली माफी तुझ्या नावावर पडली म्हणून तू भडकणार, ते माझ्यावर काढ. आणि तू परत गेलास की तो काय सांगेल, ते मात्र मला विचारू नकोस. रेल्वेने आलास तर करमळीला उतर, मी स्कूटर घेऊन येतो.

तुझा,
नंदू