माटोळीची चिठ्ठी

केंब्रिज, 20 ऑगस्ट 2025

ती. आईस शि. सा. नमस्कार.

कुडाळहून म्हापशाला मामाकडे नीट पोचलीस, बरं झालं. परवा फोनवर तू विचारलंस, "तुझा तो आरएनए म्हणजे करोनाच्या लशीतलाच ना?" मी बसमध्ये होतो, सांगायचं राहिलं.

तू घेतलीस ती कोविशील्ड. तिच्यात डीएनए होता. तो वाचून आरएनए तुझ्याच पेशींनी लिहून काढला. हे काम त्या रोजच करतात.

मामाकडे गणपतीवर फळांची माटोळी बांधतात, तिची वही आठव, आजोबांच्या हातची. कांगलां, तोरिंजन, सुपारीचं शिपटं, असोले नारळ, काय काय टांगायचं ते सगळं तिच्यात. वही कपाटाबाहेर पडत नाही. मामा हवं तेवढं चिठ्ठीवर उतरवून बाजारात जातो, आणि घरी येईस्तोवर पावसात चिठ्ठीचा लगदा. डीएनए ही वही, निरोप्या आरएनए ही चिठ्ठी. अशी चिठ्ठी पेशीत असते हे 1961 मध्ये दाखवलं गेलं. ती लवकर विरते तेच बरं. नाहीतर मामा दिवाळीतही कांगलां शोधत हिंडेल.

इथवर शाळेतही शिकवतात. मला वेड लावलं ते पुढच्या भागानं. चिठ्ठीवरची तीन-तीन अक्षरं म्हणजे एकेक अमिनो आम्ल. ते उचलून आणणारा हमालही आरएनएच. त्यांची माळ ओवून प्रथिन करतो रायबोसोम. त्यात आरएनए आणि प्रथिनं दोन्ही असतात. ओवण्याचं काम प्रथिनं करत असतील असंच बहुतेकांना वाटे. रचना उलगडली तेव्हा नेमक्या सांध्याच्या जागी निव्वळ आरएनए निघाला! या रचनेच्या कामाला 2009 चं नोबेल मिळालं. तिघांतले एक वेंकी रामकृष्णन, मूळ चिदंबरमचे, काम इथं केंब्रिजात.

मंगळवारी मात्र माझी फजिती झाली. प्रयोगशाळेत मोबाइल हाताळलेल्या हातमोज्यांनीच आरएनएची नळी उघडली. आपल्या कातडीवर आरएनए कुरतडणारी एन्झाइमं असतात, मोबाइलवर ती हमखास. आरएनए तपासायच्या जेलवर रायबोसोमच्या आरएनएचे दोन ठळक पट्टे दिसायला हवे होते. दिसला नुसता धुरकट ओघळ, ओल्या हातानं पुसलेल्या रांगोळीसारखा. तीन आठवडे पाण्यात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जेवतानाही तो फोन सोडत नाहीस, मग असंच होणार."

माटोळी बांधून झाली की फोटो पाठव. नेवऱ्या कुरियरनं नको, गेल्या खेपेला डब्यात भुगाच आला. तो चमच्यानं खाल्ला, ते वेगळं.

मामा-मामींना नमस्कार.

तुझा,
बाळू