निंजा कशावरून?

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,

मुलांच्या चित्रमालिकेसाठी तू काढलेल्या निंजाची स्केचेस मिळाली आणि त्याखालचं तुझं चिडलेलं पत्रही. संपादकबाई म्हणाल्या, ‘हा निंजा वाटत नाही, चोर वाटतो,’ आणि तू पेटलास. तुला राग आला तरी सांगतो, बाईंचं बरोबर आहे. फक्त त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा आहे. कपडे अजून काळे करून काही होणार नाही. काळ्याहून काळं तू काय करणार? आणि नुसतं तोंड झाकून निंजा होता आलं असतं, तर मे महिन्यात भर दुपारी कर्वे रोडच्या सिग्नलला स्कूटरवर अख्खी फौज उभी असते, स्कार्फ गुंडाळून.

आधी त्या काळ्या रंगाचंच बघू. खऱ्या निंजांच्या, म्हणजे जुन्या जपानी हेरांच्या, कामात काळ्या गणवेशाला फारशी जागाच नव्हती. ‘शोनिन्की’ नावाची 1681 ची पोथी आहे. हेरगिरीचं शास्त्र सांगणारी. तिच्यात वेश पालटण्याचे सात प्रकार दिलेत: डोक्यावर टोपलीएवढी टोपी घालून बासरी वाजवत भीक मागणारा कोमुसो, बौद्ध भिक्षू, डोंगरात तप करणारा यामाबुशी, व्यापारी, रस्त्यावर खेळ करणारा, नाटकवाला, आणि सातवा मला सगळ्यात आवडतो तो, साधा चारचौघांसारखा माणूस. सोबत न्यायच्या सहा वस्तूही आहेत: विणलेली टोपी, आकडा लावलेला दोर, दगडी पेन्सिल, औषधं, तीन शाकू म्हणजे साधारण 90 सेंटिमीटर लांब कापड, आणि विस्तव जपणारी बांबूची नळी. या यादीत तलवार नाही, फेकायची चांदणी नाही. आता हे प्रामाणिकपणे काढून बघ. टोपी घातलेला एक वाटसरू दिसेल, बस.

आपल्याकडे बहिर्जी नाईकांचं हेच होतं. चित्रात ते कधी फकीर, कधी वासुदेव, आणि खाली नाव लिहिलं नाही तर कोणी ओळखणार नाही. उत्तम हेराचं चित्र काढताच येत नाही, ही चित्रकाराची खरी अडचण.

जपानी लोकांनी ती रंगमंचावर सोडवली, असं मला वाटतं. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारात कुरोको असतात. नटाच्या मागे बसून त्याला पंखा देणारे, आसन सरकवणारे, पोशाख बदलायला मदत करणारे. अंगभर काळे कपडे, तोंडावर काळा झिरझिरीत पडदा. ते सगळ्यांना ढळढळीत दिसतात, पण प्रेक्षकाने त्यांना ‘पाहायचं नाही’ असा अलिखित करार असतो. गंमत म्हणजे बर्फाचा प्रवेश असला की तेच लोक पांढऱ्या कपड्यात येतात आणि समुद्राचा असला की निळ्या. म्हणजे काळा हा अंधाराचा रंग नव्हेच, ‘हा इथे नाही असं समजा’ याची ती खूण. निंजाचा काळा पोशाख इथूनच उचलला गेला असं एक मत आहे. ते शंभर टक्के खरं असो नसो, चित्रकाराला फार उपयोगी आहे. जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘मांगा’ या स्केचबुकांच्या सहाव्या खंडात, 1817 च्या, दोरावरून चढणारा काळ्या कपड्यातला एक माणूस आहे, तो सवडीने बघ. डोकंतोंड झाकलेलं आणि सगळं अंग त्या दोरावर. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. रात्र दाखवायची गरजच त्याला वाटली नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: निंजा म्हणजे चित्रातल्या माणसांना न दिसणारा आणि वाचकाला दिसणारा माणूस. तुझ्या चित्रात तो एकटाच उभा आहे. कोणापासून लपलाय तेच कळत नाही, मग मुलं त्याला चोर म्हणणार नाहीत तर काय? त्याच चौकटीत खाली दिवा घेऊन जाणारा एक पहारेकरी काढ, आणि याला वर तुळईवर बसव. कपड्यांना हातही न लावता अर्धं काम होईल.

उरलेलं अर्धं काम शरीराचं. चोर मागे वळून बघतो, निंजा पुढे बघतो. चोराचे खांदे वर, कानाशी आलेले, निंजाचे खाली. तू मान वळवलीयेस, डोळे कोपऱ्यात नेलेत, वर पाठीवर गाठोडंवजा काहीतरी दिलंयस. शिवाय पायजमा सैल. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खूण तीच आहे: बांधणं. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी, कंबर आवळलेली, आणि मधल्या मोकळ्या भागात कापड किंचित फुगलेलं. नखाएवढं चित्र असलं तरी ही बाह्यरेषा वाचता येते. पोटरीवर पट्टीच्या तीन-चार तिरप्या रेघा ओढून बघ, पाय लगेच हलका वाटायला लागतो. तबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले जपानी मोजे, काढलेस तर अंगठा वेगळा दाखवायला विसरू नकोस.

तोंड झाकण्यावर तू जो भर दिलायस त्याबद्दल. आपल्या ‘निंजा हातोरी’चं बघ ना. फुजिको फुजिओ ए यांनी तो 1964 मध्ये मासिकात काढायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या पोरांनी तो टीव्हीवर हिंदीत पाहिला. त्याचं तोंड उघडं, गालावर लाल भोवरे, शरीर दोन डोक्यांएवढं, रंग निळसर. तरी कोणाला शंका येते का? चेहऱ्याभोवतीची टोपी आणि खांद्यामागून डोकावणारी तलवारीची मूठ, इतक्यावर भागतं. याउलट 1984 ची ती अमेरिकन कासवं, ‘निंजा टर्टल्स’: अंगावर कपडेच नाहीत, डोळ्यांवर फक्त पट्टी. मूळ कॉमिकमध्ये चौघांच्या पट्ट्या लालच होत्या, रंग वेगळे झाले ते 1987 च्या कार्टूनमध्ये. त्यातल्या दोघांच्या हातातली साई आणि नुनचाकू तर ओकिनावा बेटावरची हत्यारं, निंजाशी त्यांचा संबंध नाही. पण चालून गेलं. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या व्हिडिओ गेममध्ये तर 1992 मध्ये एकाच पोशाखाचे रंग बदलून पिवळा स्कॉर्पियन आणि निळा सब-झीरो उभे केले. म्हणजे रंगावर कोणाचंच अडत नाही.

नारुतो मात्र मला विचारात पाडतो. त्याच्या कॉमिकमध्ये किशिमोतोने 1999 मध्ये मुद्दाम सगळं उलटं केलं. केशरी कपडे, उघडं तोंड, आरडाओरडा करणारा पोरगा. लपण्याशी याचं काही देणंघेणं नाही. मग खूण कुठली? कपाळावरची धातूची पट्टी आणि हातांच्या मुद्रा. पट्टीची गाठ मागे उडत असते, ती पळताना दिशा दाखवते, म्हणून ती नुसता दागिना नाही. आणि मुद्रा तर फार जुन्या. काबुकीतला निक्की दांजो नावाचा खलनायक उंदराचं रूप घेऊन पळतो आणि मग रंगमंचाच्या चोरदारातून धुरात वर येतो, तोंडात कागदाची गुंडाळी धरलेली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली. ‘मेइबोकु सेंदाई हागी’ या 1777 च्या नाटकातला तो. त्याचा पोशाख काळा नाही, तोंड झाकलेलं नाही, तरी जादू जाणणारा माणूस म्हणून तो क्षणात कळतो. बोटांच्या या खुणा गूढ बौद्ध पंथातून आल्या, आणि त्या पंथाची मुळं आपल्याच देशात. तुझ्या त्या वाकड्यातिकड्या बोटांच्या प्रेमाला इथे पूर्ण वाव आहे.

तलवारीचं एक सांगून टाकतो, कारण तू सरळ पात्याची आणि चौकोनी मुठीची काढलीस. तिचा जुना पुरावा सापडत नाही, ती विसाव्या शतकातली. काढू नकोस असं म्हणत नाही, मुलांना ती हवीच असते, पण पाठीवर तिरकी ठेव. कमरेला लावलीस की तो लगेच सामुराई होतो. चांदण्या मात्र कमी कर. तू कमरेला इतक्या लटकवल्यायस की तो दिवाळीच्या कंदिलाचा विक्रेता वाटतो.

बाईंना कळवशील तेव्हा रंगाचा वाद घालूच नकोस. दोन चित्रं पाठव. एकात आहे तोच पोशाख, पण खाली पहारेकरी आणि मनगट-पोटरीला पट्ट्या. दुसऱ्यात तोच माणूस वाटेवरच्या व्यापाऱ्याच्या वेशात, टोपी खाली ओढलेली, आणि टोपलीच्या कडेतून दोराचा आकडा जेमतेम दिसतोय. पहारेकऱ्याची पाठ, आकडा फक्त वाचकाच्या बाजूला. दुसरं त्या नाकारतील बहुतेक, पण माझं मत विचारशील तर मालिका तिथूनच सुरू व्हायला हवी: पहिल्या पानावर व्यापारी, चौथ्या पानावर तुळई.

पक्कं झालं की बाह्यरेषा मला पाठव, शाई भरण्याआधी. आणि पहारेकऱ्याला मिशा दे. तुझे मिशीवाले नेहमी छान येतात.

काकूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
अनंत