शिकिमिक आम्लाचाही साठा हवा

संपादक महोदय,

बर्ड फ्लू किंवा स्वाइन फ्लूची बातमी आली, की सरकारी गोदामांत ऑसेल्टामिविरच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या टॅमिफ्लूच्या, किती कॅप्सूल शिल्लक आहेत याचे आकडे जाहीर होतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधी रसायनांच्या खरेदीचे काम बरीच वर्षे केल्यामुळे मला हे आकडे नेहमीच अपुरे वाटतात. खरी अडचण सुरू होते ती कॅप्सूलच्या कितीतरी आधी, ज्या इंटरमिजिएटपासून, म्हणजे मधल्या टप्प्यातल्या रसायनापासून, हे औषध घडवले जाते त्याच्या पुरवठ्यापाशी.

ते इंटरमिजिएट म्हणजे शिकिमिक आम्ल. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्या चक्रफुलातून, म्हणजे बाद्यानातून, ते काढतात. जगातले बहुतेक चक्रफूल दक्षिण चीनमधील ग्वांगशी प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या उत्तर व्हिएतनाममध्ये पिकते. झाड फळावर यायला कित्येक वर्षे लागतात, तोडणी हंगामातच होते आणि सुक्या फळाच्या वजनाच्या जेमतेम काही टक्के आम्ल हाती येते. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने अनेक देशांनी एकाच वेळी औषधाची मागणी नोंदवली, तेव्हा चक्रफुलाचे आणि आम्लाचे भाव कडाडले; पण मागणी वाढली म्हणून त्या हंगामात झाडांना जास्त फळे लागणार नव्हती. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार उडवला. (या औषधाचा गुण नेमका किती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तो विषय वेगळा.)

जनुकीय बदल केलेल्या इ. कोलाय जिवाणूंकडून ग्लुकोजपासून हेच आम्ल बनवता येते आणि रोश कंपनीने ती पद्धत वापरलीही आहे. साखर कारखान्यांच्या आसवन्यांमुळे किण्वनाची, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून आंबवून घेण्याची, सवय असलेल्या महाराष्ट्राला हे काम परके नाही, मात्र मद्यार्काला चालून जाते तेवढी स्वच्छता येथे पुरणार नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय आम्लापासून औषधापर्यंतच्या रूढ प्रक्रियेत अझाइड हे स्फोटक स्वभावाचे रसायन हाताळावे लागते, त्यामुळे साथ दारात आल्यावर एखाद्या कारखान्याला घाईने या कामाला जुंपता येत नाही.

औषधांच्या कच्च्या मालातील परावलंबनाची जाणीव सरकारला नाही असे नाही. ३ मार्च २०२० रोजी केंद्राने अॅसायक्लोविरसह औषधी घटक व त्यांची औषधे मिळून २६ उत्पादनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि त्याच महिन्यात ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्या यादीत अॅसायक्लोविर, लोपिनाविर व रिटोनाविर ही विषाणूविरोधी औषधे आहेत. शिकिमिक आम्ल मात्र नाही. ते यादीत घ्यावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती त्याहून सोपी आहे. हे आम्ल स्फटिकरूप असून कोरड्या जागी नीट ठेवल्यास चांगले टिकते. तेव्हा राज्य शासनाने कॅप्सूल खरेदीच्या निविदेत दराबरोबरच हे आम्ल कोणत्या देशातून येते, ते चक्रफुलाचे की किण्वनाचे, आणि पुरवठादाराच्या गोदामात किती महिने पुरतील एवढे आम्लाचे ड्रम आहेत, हे लेखी मागवावे व त्याची प्रत्यक्ष तपासणी करावी.

आपला,
एक निवृत्त खरेदी अधिकारी,
बोईसर, जि. पालघर