पाडव्याला ये, पण ढोलीपासून लांब

जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव, कर्नाटक
रंगपंचमीचा आदला दिवस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, पाडव्याला चार मित्रांना घेऊन येतो, नवा कॅमेरा घेतलाय, धनेश पक्ष्याचं घरटं दाखव. मी "ये की" म्हटलं आणि तेवढ्यात रेंज गेली. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. शिवाय फोनवर तू "हो आई, हो आई" करून मोकळा होतोस. म्हणून हे कागदावर लिहितेय. शेजारचे भाऊजी उद्या बेंगळूरला निघालेत, त्यांच्याकडे देते. गाडीत बसलात की सगळ्यांना वाचून दाखव.

ओढ्यापलीकडचा मोठा बेहडा आठवतो ना? लहानपणी तू त्याच्या बुंध्याला मिठी मारायचास आणि हात निम्म्यातही पोचायचे नाहीत. त्याची एक फांदी कधीतरी वादळात मोडली, ती जागा कुजत गेली आणि तिथं ढोली झाली. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. तांबट, सुतार हे पक्षी कोरतात. हा मात्र म्हाताऱ्या झाडाच्या तयार पोकळीवरच अवलंबून. म्हणूनच बाबा दोनदा म्हणाले, की बेहडा पोकळ झालाय, विकून टाकू, तेव्हा दोन्ही वेळा मी आडवी आले.

यंदा माघ लागला आणि मादी आत गेली. हा आपला छोटा राखी धनेश, सह्याद्री सोडून जगात कुठंच नाही. मोठा, पिवळ्या टोपाचा, ज्याला आज्जी गरुड म्हणते, तो वेगळा. तो कधीतरी डोक्यावरून जातो आणि पंखांचा आवाज कपडे झटकल्यासारखा येतो. आपल्या राखीला चोचीवर तसला टोप नसतो. नराची चोच तांबूस, टोकाला पिवळी. मादीची फिकट पिवळी. ओरडणं मात्र असं, की कुणीतरी जंगलात खदाखदा हसतंय.

आत गेल्यावर मादी स्वतःच्या विष्ठेनं आणि फळांच्या गरानं ढोलीचं तोंड लिंपून घेते. उभी चीर तेवढी ठेवते, बोट जाईल एवढी. आत अंडी उबवते आणि पंखांची, शेपटीची मोठी पिसंही झाडते. म्हणजे या दिवसांत तिला उडता येत नाही. नीट लक्षात घे, बाळा. ती आत अडकलेली आहे आणि नर आला तर जेवेल, नाही आला तर उपाशी राहील. हे तीन महिन्यांच्या आसपास चालतं.

मी काजू वेचायला पहाटे जाते, तेव्हा रोज बघते. काल मुद्दाम पाटी खाली ठेवून बसले. साडेसहाच्या सुमारास नर आला. आधी समोरच्या किंदळाच्या झाडावर बसला. लगेच ढोलीकडे गेला नाही. मान वाकडी करून खाली बघितलं, मग मागं, मग माझ्याकडं. मी हलले नाही. पाच-सहा मिनिटांनी झेप घेऊन ढोलीच्या तोंडाशी चिकटला, शेपटी खोडाला टेकवून. मान एकदा मागं झटकली, घशातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आलं. आतून फिकट चोचीचं टोक चिरेतून पुढं आलं आणि उंबर घेऊन गेलं. परत मान झटकली, परत एक. मी अकरा मोजली. एवढी फळं त्याच्या गळ्यात होती आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं! अकरावं घेतल्यावर तिची चोच तशीच पुढं राहिली. त्याच्याकडं उरलं नव्हतं. तो उडाला तरी ती दोन-तीन क्षण तशीच होती.

झाडाखाली बघितलंस तर बिया पडलेल्या असतात. मादी घाण चिरेतूनच बाहेर टाकते आणि फळांच्या बियाही खाली पडतात. मागच्या पावसात तिथं कसली कसली रोपं उगवली होती. मी ती उपटू दिली नाहीत.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी ओळखीतून काही पाहुणे आले होते. बाहेरगावचे, मोठे कॅमेरे, माणसं चांगली. सकाळी सातला ते बेहड्याखाली उभे राहिले, ढोलीपासून वीस पावलांवर. एकानं मोबाइलवर धनेशाचा आवाज लावला, म्हणे नर लगेच येतो. नर आलाच. पण खायला द्यायला नाही, भांडायला. दुसरा नर आपल्या घराशी आलाय असं त्याला वाटलं. या फांदीवरून त्या फांदीवर ओरडत फिरला. मग किंदळावर जाऊन बसला, ढोलीकडे आलाच नाही. दीड तास गेला, पाहुणे तिथंच. शेवटी तो गळ्यातली फळं घेऊनच निघून गेला. मी काजूखाली उभी राहून सगळं बघत होते. पाहुण्यांना कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले. चहासुद्धा दिला.

त्या वर्षी चैत्र संपताना एका सकाळी ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं. आत कुणी नव्हतं. पिल्लं बाहेर पडताना मी पाहिली नाहीत आणि नंतर आसपास ऐकलीही नाहीत. उदमांजर असेल, साप असेल, किंवा पिल्लं माझी नजर चुकवून उडूनही गेली असतील. पाहुण्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही हे मला वर्षभर टोचत राहिलं. म्हणून आता पोटच्या पोराला आधी सांगतेय.

तर बेहड्याजवळ जायचं नाही. ओढ्याच्या अलीकडे, काजूच्या शेवटच्या ओळीत मी आणि बाबांनी माडाच्या झावळ्यांचा आडोसा केलाय. तिथून ढोली स्पष्ट दिसते. बाबांची जुनी दुर्बीण आहे, आणि तुझी लेन्स एवढी लांबची असेल तर तिथून फोटो येईलच. एका वेळी दोघंच बसा, उजाडायच्या आत जाऊन बसा आणि नर येऊन गेल्याशिवाय उठू नका. मोबाइलवर आवाज लावायचा नाही, कुठल्याच पक्ष्याचा. ॲपवर नाव शोधायचं असेल तर घरी येऊन शोधा. फोटो कुठं टाकलात तर जागेचं नाव लिहू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला इजा करणं शिकारीत धरलंय, हे मित्रांना माहीत नसेल तर सांग. पण तू कायद्याच्या भीतीनं नव्हे, त्या चिरेतून पुढं राहिलेल्या चोचीकडं बघून लांब थांबशील, हे मला ठाऊक आहे.

हे सगळं वाचून मित्रांचा हिरमोड झाला असेल तर त्यांना पुढचं वाच. बघायला एवढं आहे, की ढोलीकडे कुणाचं लक्षही जाणार नाही.

वरच्या कातळाच्या सड्याखालची काटेसावर अजून फुललेली आहे. निम्मी फुलं गळाली, पाडव्यापर्यंत किती राहतील देव जाणे. पण तिच्या शेजारचा पांगारा आता कुठं पेटलाय. झाडावर पान एक नाही, नुसती लाल फुलं, म्हणून काही लपत नाही. पहाटे पहिला येतो भृंगराज. शेपटीच्या दोन लांब तारा, टोकाला पिसाचे पंखे. उडताना दोन काळे भुंगे त्याच्या मागं लागल्यासारखे दिसतात. तो शिकऱ्याच्या, त्या शिकारी पक्ष्याच्या, आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, मग बाकीचे घाबरून उडतात. त्याच्यामागून साळुंक्या, बुलबुल, हरेवा, शिंजीर. भोरड्यांचा थवा आला तर पोरांच्या शाळा सुटल्यासारखा गलका. त्या आता परतीच्या वाटेवर आहेत, मध्य आशियाकडं जातात, तिकडंच त्यांची वीण होते. ऊन चढलं की वानरं येतात आणि खाण्यापेक्षा पाडतात जास्त. खाली थांबलात तर आणखी एक बघायला मिळेल: पडलेली मांसल फुलं खायला भेकर येतं. मला या महिन्यात तीनदा दिसलं. वाऱ्याची दिशा बघून बसा. त्याला वास आला की कुत्र्यासारखं भुंकतं आणि मग अर्धं रान गप्प होतं.

शेकरूची घरटी बघायचे हेच दिवस. पानगळ झाली की काड्यापानांचे मोठे गोळे उघडे पडतात, एकाचीच तीन-चार असतात. आपल्या फणसावरचं शेकरू आता मला भीत नाही. काल ते काजूचं बोंडू दोन्ही हातांत धरून, मागच्या पायांनी फांदीला उलटं लटकून खात होतं आणि रस हनुवटीवरून गळत होता. हे महाराष्ट्राचं राज्यप्राणी आणि राहतंय आपल्या खानापूरच्या रानात. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलकंठ, तो पुढच्या माळावर तारेवर बसलेला असतो. मला दोन्ही आपलीच वाटतात. आपण जसे घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो, तसंच हे रान आहे.

दुपारी कुठं फिरू नका. उन्हात पक्षी गप्प असतात. चारला ओढ्याच्या डबक्यावर जा. पाणी आता गुडघाभरही नाही, त्यामुळं सगळं रान तिथंच येतं. पाण्यापासून लांब, करवंदीच्या जाळीला पाठ लावून बसा. पाचू कवडा चालत येतो, हिरवे पंख उन्हात चमकतात. आणि नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. पांढराशुभ्र नर, डोकं काळं, शेपटीच्या दोन रिबिनी हातभर. तो फांदीवरून पाण्यात नुसता एक बुचकळा मारतो आणि परत फांदीवर. परत एक. रिबिनी मागून भिजत येतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घागर पाण्यात तशीच सोडून उभी राहिले होते.

एक गोष्ट मित्रांना नाही, तुला सांगते. तू आठवीत होतास तेव्हा बाबांनी काजूखालचा पाचोळा पेटवला होता, आठवतं? वारा फिरला आणि आग बांध ओलांडून गेली. विझवल्यावर मी बघायला गेले तर बांबूच्या बेटाशी रानकोंबडीचं घरटं होतं, जमिनीवरच, पाचोळ्यात. पाच अंडी, वरून काळी पडलेली. कोंबडी शेवटपर्यंत उठली नसावी, तिची पिसं तिथंच जळलेली होती. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून आपण पाचोळा पेटवत नाही, खड्ड्यात कुजवतो. वसंतात रान कोरडं ठणठणीत असतं आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्यांची नेमकी हीच वेळ. तुझ्या मित्रांपैकी कुणी सिगारेट ओढत असेल तर अंगणात ओढू दे, रानात नको. चहासाठी रानात चूलही नको, मी थर्मास भरून देईन.

भीमगडला जायचं मनात असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढा. २०११ साली अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर, आणि आत असंच गाडी घेऊन जाता येत नाही. बारापेडेच्या गुहेत मात्र शिरू नका. तिथं राहणारं वटवाघूळ कित्येक वर्षं जगात दुसरीकडं कुठं सापडलं नव्हतं. माणसं आत गेली की वटवाघळांची झोपमोड होते.

पूर्ण बाह्यांचे शर्ट आणा, भडक रंग नको. गोचिड्या आहेत. अंथरुणं पुरतील. शीळकरी कस्तुराची शीळ ऐकायची असेल तर मात्र परत वळिवाच्या पावसात यावं लागेल, आता तो फारसा बोलत नाही. पावशा सुरू झालाय. रात्रीसुद्धा "पेरते व्हा, पेरते व्हा". आज्जी झोपेतून उठून म्हणते, अरे बाबा, आधी पाऊस तरी पडू दे.

पत्र काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज पहाटे पाकीट चिकटवायच्या आधी एकदा आडोशात जाऊन बसले. नर आला, किंदळावर थांबला, खाली-वर बघितलं. चोचीत फळ नव्हतं. सरडा होता, अजून शेपूट हलत होती. ढोलीत पिल्लं असली की तो असलं खाणं आणायला लागतो. चिरेतून चोच आली, सरडा आत गेला, आणि मग आतून अगदी बारीक, चिरका आवाज ऐकू आला.

घरी येऊन आधी बाबांना सांगितलं, आता तुला.

तुझी,
आई