हॅम्प्टन कोर्टमधील अनोळखी सोबत्यांचे आभार

लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील रात्रीच्या भूतफेरीत माझ्या सासूबाईंना सांभाळून घेणाऱ्या अनोळखी मंडळींचे मनःपूर्वक आभार. आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड १५४१ मध्ये राजाची करुणा भाकत ज्या दालनातून धावली असे सांगतात, ते पाहून उतरताना त्यांचा गुडघा आखडला. तेव्हा एका बाईंनी विजेरीचा झोत नेमका पायरीच्या कडेवर धरला आणि एका तरुणाने त्यांना दंडाला धरून खाली आणले. भुतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. सासूबाईंचा मात्र आहे. म्हणूनच, १८२९ मध्ये थडगे हलवल्यापासून सिबेल पेन या दाईच्या चरख्याची घरघर ऐकू येते, ही आख्यायिका त्यांना बसवून पुन्हा सावकाश सांगणाऱ्या मार्गदर्शकांचेही आम्ही ऋणी आहोत.