विषय: हेडफोनचं सॉकेट आणि "घर में कोई जेंट्स है क्या"

कालच्या फोननंतर रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहितेय. आता चॅटवर बोलणार नाही, फोनवर तर नाहीच, जे काय आहे ते लेखी.

तुमच्या चौदा इंची मॉडेलचं हेडफोनचं सॉकेट मदरबोर्डलाच सोल्डर केलेलं आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, लॅपटॉप तुम्हीच बनवलाय. त्याच्या आत एक बारीक पत्ती असते, पिन घातली की ती सरकते, साउंड चिपला कळतं की हेडफोन लागला आणि स्पीकर बंद होतात. माझ्याकडे ती पत्ती अडकून बसलीये. भोक रिकामं आहे तरी लॅपटॉप म्हणतो हेडफोन लावलेला आहे. हेडफोन लावला तर फक्त डाव्या कानात खरखर, काढला तर स्पीकर मुके. सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर निवडावा म्हटलं तर तिथे स्पीकर आणि हेडफोन अशी दोन वेगळी नावंच नाहीत, दोघांची मिळून एकच लाइन आहे, आणि जॅक ओळखणं बंद करायची जी सोय काही लॅपटॉपमध्ये असते ती तुम्ही दिलेल्या साउंडच्या ॲपमध्ये कुठेच दिसत नाही. हे सगळं मी तुमच्या लोकांना सहा वेळा सांगितलं. सहाही वेळा मला आधी रीस्टार्ट करायला लावलं, तीन वेळा ड्रायव्हर काढून परत टाकायला लावला, आणि एकदा तर सगळं फॉरमॅट करा म्हणाले. पत्ती अडकलीये हो, फॉरमॅट करून पत्ती कशी सुटेल?

लॅपटॉप गेल्या वर्षी नवरात्रीच्या आदल्या आठवड्यात घेतला, 62,000 रुपयांना, बिल आहे. जूनमध्ये सॉकेट बिघडलं, म्हणजे नववा महिना. पहिली तक्रार त्याच आठवड्यात केली. आज वॉरंटी संपायला पाच आठवडे राहिलेत आणि तुम्ही मला फक्त नवीन नवीन तिकीट नंबर देताय.

माझं काम ऐकून टाइप करायचं आहे. मराठी आणि गुजराती मुलाखती, मिनिटावर पैसे. पायाखाली पेडल, कानात हेडफोन, वाक्य थांबवायचं, मागे घ्यायचं, परत ऐकायचं, दिवसाचे सात तास. तिसऱ्या फोनला तुमचा माणूस म्हणाला ब्लूटूथ वापरा ना मॅडम. वापरलं. मुलाचे होते ते लावले. थांबवून परत सुरू केलं की पहिला अर्धा शब्द गिळला जातो, कारण मध्ये शांतता झाली की ते झोपतं आणि जागं व्हायला त्याला क्षणभर लागतो. गाणी ऐकणाऱ्याला कळणारही नाही. पण मी एका आजींची मुलाखत टाइप करत होते, त्यांना विचारलं होतं शाळेत घातलं का, तर त्या म्हणाल्या, "नाही घातलं मला शाळेत, भावाला घातलं." माझ्या कानात आलं, "घातलं मला शाळेत". मी तेच टाइप करून पुढे गेले. नंतर पूर्ण फाइल सलग ऐकली तेव्हा तो "नाही" सापडला. अख्ख्या मुलाखतीचा अर्थ त्या एका शब्दावर होता. त्या दिवशी मी ब्लूटूथ काढून ठेवलं.

एचडीएमआयची केबल लावून टीव्हीतून आवाज काढायचा पण प्रयत्न केला. आवाज येतो, पण हॉलमध्ये येतो, सगळ्या घरासमोर. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मी अशा मोठ्याने कशा वाजवू?

शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आला आणि दोन मिनिटांत म्हणाला, काकू, यूएसबी साउंड कार्ड घ्या. 280 रुपयांचं, बोटाच्या पेराएवढं. त्यात त्याची स्वतःची चिप असते, त्यामुळे तुटकं सॉकेट मध्ये येतच नाही, हेडफोन त्यालाच लावायचा. तेव्हापासून माझं काम चालू आहे. पण यूएसबीची दोनच भोकं, एकात पेडल, एकात हे, माऊस सोडून द्यावा लागला, आणि ते बाहेर डोकावतं त्यामुळे लॅपटॉप जरा उचलला की धक्का लागतो, आता ते भोक पण ढिलं होईल ही भीती. आणि हे एवढं साधं वाक्य, "दुरुस्ती होईपर्यंत यूएसबी साउंड कार्ड लावा", तुमच्या सहा जणांपैकी एकालाही सांगता येऊ नये?

आता सर्व्हिस सेंटर. अकरा दिवस लॅपटॉप तिथे होता. अकरा दिवस माझं काम बंद. परत आला तेव्हा कागदावर "फिजिकल डॅमेज" आणि बोर्ड बदलायचे 18,400 रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सीआयडी है मॅडम, म्हणजे कस्टमरने स्वतः केलेलं नुकसान. मी तिथेच लॅपटॉप उलटा केला. मधल्या स्क्रूवर तुमचं गोल सील आहे, ते जसंच्या तसं होतं, कड पण उचललेली नव्हती. उघडलाच नाही तर आत काय मोडलंय आणि कोणी मोडलंय हे कसं कळलं? मुलाकडे उत्तर नव्हतं, तो म्हणाला सिस्टम में यही आ रहा है. असं सॉकेट सहसा 5000 वेळा पिन घालण्या-काढण्यासाठी बनवतात. मी दिवसातून दोनदा घालते, नऊ महिन्यांचे मोजा.

सयाजीगंजातल्या एका रिपेअरवाल्याला दाखवलं. त्याने पिन घालून नुसती हलवली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "बेन, आ तो ड्राय सोल्डर छे, सातसो रुपियानुं काम छे, पण हुं खोलीश तो कंपनीवाळा हाथ ऊंचा करी देशे." ड्राय सोल्डर म्हणजे बोर्डावरचा सोल्डरचा टाका सैल झालेला. 700 रुपये. तुमचे 18,400. आणि वॉरंटी जाईल म्हणून मी त्याला उघडू दिलं नाही, बघा, तुमच्या नियमाचा मान मीच ठेवतेय.

आता कालचा फोन. चाळीस मिनिटं होल्डवर. मग एक मुलगा आला, मी पहिल्यापासून सांगायला लागले, पत्ती, एकच लाइन, सील न उघडलेलं. त्याने मध्येच तोडलं, "मॅडम, आवाज बढ़ाके देखा?" मी म्हटलं आवाज शंभरवर आहे. "मॅडम, स्क्रीन पे नीचे कोने में स्पीकर का निशान दिखता है?" दिसतो, त्यावर हेडफोन लिहिलंय आणि हेडफोन माझ्या मांडीवर पडलेत. थोडा वेळ काही बोलला नाही. मागे कोणीतरी हसत होतं, ते मला ऐकू येत होतं, माझं कामच ऐकायचं आहे. मग म्हणाला, "मॅडम, ये टेक्निकल है, घर में कोई जेंट्स है क्या? उनसे बात कराइए." मी म्हटलं लॅपटॉप माझ्या नावावर आहे, पैसे मी भरलेत, बिघाड मी शोधलाय, माझ्याशी बोला. तो म्हणाला, "आप गुस्सा मत कीजिए, हस्बैंड या बेटा हो तो दो मिनट में समझ जाएँगे." माझे मिस्टर लॅपटॉपला हात लावत नाहीत. मुलगा कॉलेजात होता. मी काहीच बोलू शकले नाही, घसाच दाटला, आणि त्याने "थँक यू फॉर कॉलिंग" म्हणून फोन ठेवला. रात्री एसएमएस आला, तक्रार निकाली, ग्राहक समाधानी.

कोण समाधानी? मला विचारलं कोणी?

आमच्या घरात तुमच्या कंपनीचे तीन लॅपटॉप आलेत. पहिला अकरा वर्षं चालला, नणंदेला मीच आग्रहाने घ्यायला लावला. म्हणूनच जास्त लागलंय.

मला तीन गोष्टी हव्यात. लॅपटॉप माझ्यासमोर उघडा आणि सॉकेट वॉरंटीत बदलून द्या. त्या कागदावरचं "फिजिकल डॅमेज" खोडून तसं लेखी द्या, कारण सील न तोडता ते लिहिलंय. आणि कालच्या बोलण्याबद्दल माफी, कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ऐका. पंधरा दिवस वाट बघेन. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच, बडोद्यातच केस करता येते, तुमचं हेड ऑफिस कुठेही असो, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. सीलचे फोटो, बिल, सर्व्हिसचा कागद, एसएमएस सगळं ठेवलंय.

फोन करणार असाल तर दुपारी दोननंतर करा, सकाळी मी काम करत असते. आणि माझ्याशीच बोला.

तुमची ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे